अर्थशास्त्राचा ऐच्छिक पेपर: नाशिकच्या वर्गातले काही पक्के समज

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा एखादा ऐच्छिक विषय घ्यावाच लागतो. संलग्न महाविद्यालयांत ही रचना 2024-25 पासून लागू झाली. त्यामुळे नाशिकमध्येही रसायनशास्त्राचा किंवा संगणकशास्त्राचा विद्यार्थी प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासाला बसू शकतो. तो कोऱ्या पाटीने मात्र येत नाही. घरात, पारावर, मोबाइलवर ऐकलेले पक्के समज त्याच्यासोबत येतात, आणि खरी दमछाक तिथेच होते.

पहिला समज असा, की या पेपरात शेअर बाजार शिकवतात. शिकवत नाहीत. हिशेबलेखनही नाही. टंचाई, निवड, मागणी, पुरवठा, महागाई, राष्ट्रीय उत्पन्न हा त्याचा गाभा. डीमॅट खाते उघडायच्या उत्साहात आलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हिरमुसतो.

दुसरा समज गणिताचा. गणित सोडून आलेल्याला वाटते, गणिताशिवाय इथे निभाव लागणार नाही. विज्ञानवाल्याला वाटते, आलेख तर आपल्या हातचा मळ. वस्तुस्थिती दोघांनाही चकवते. टक्केवारी आणि रेषेचा उतार कळला, की सुरुवातीच्या पेपरापुरते गणित झाले. उलट विज्ञानाचा विद्यार्थीच मागणीच्या वक्रापाशी अडखळतो. जे बदलते ते आडव्या अक्षावर आणि त्याचा परिणाम उभ्या अक्षावर, ही त्याची प्रयोगशाळेतली सवय. इथे मात्र किंमत उभ्या अक्षावर आणि नग आडव्या. इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शल यांच्या 1890 च्या ग्रंथाने रूढ केलेली ही पद्धत आजही चालू आहे. ती एकदा सांगितली, की गोंधळ मिटतो. न सांगताच फळ्यावर वक्र काढला, तर गोंधळ सत्र संपेपर्यंत टिकतो.

नोटांबद्दलचा समज नाशिकमध्ये जरा जास्तच घट्ट असतो, कारण छापखाना इथलाच. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात. मग सरकार जास्त नोटा छापून गरिबी का हटवत नाही, हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारायलाच हवा. किती नोटा छापायच्या हे छापखाना ठरवत नाही. एक रुपयाची नोट सोडली तर बाकी नोटा रिझर्व्ह बँकेच्या. शिवाय देशातला बहुतेक पैसा नोटांत नसून बँकांतील ठेवींत आहे. आणि बाजारातला माल तेवढाच ठेवून नोटा वाढवल्या, की भाव चढतात. झिम्बाब्वेने 2009 च्या जानेवारीत शंभर लाख कोटी डॉलरची एकच नोट काढली. त्याच वर्षी तिथले चलन बाजूला पडले आणि परकी चलनांतच व्यवहार होऊ लागले.

पण सगळ्यात चिवट समज कांद्याचा: भाव कडाडले म्हणजे शेतकरी मालामाल.

निफाड, चांदवड, येवला या कांद्याच्या तालुक्यांतून आलेल्या मुलामुलींना यातली मेख घरूनच ठाऊक असते, फक्त तिचे पुस्तकी नाव माहीत नसते. कांदा महागला म्हणून कुणी फोडणी बंद करत नाही. म्हणजे त्याची मागणी कमी लवचीक. म्हणून आवक दहा टक्क्यांनी घटली, तर भाव दहा टक्क्यांहून बरेच जास्त चढतात, आणि आवक वाढली की तसेच कोसळतात. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो साठवतो; वजन घटते, काही सडतो, काहीला मोड येतात. ज्याला लगेच रोकड हवी तो काढणीलाच विकून मोकळा होतो. पावसाळा सरता सरता भाव वाढतात तेव्हा त्याच्याकडे विकायला कांदाच नसतो. चांगला भाव पाहून पुढच्या हंगामात सगळेच लागवड वाढवतात आणि पुन्हा भाव पाडून घेतात. पाठ्यपुस्तकात याला कॉबवेब, म्हणजे कोळ्याचे जाळे म्हणतात.

8 डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी हे याच धड्याचे ताजे उदाहरण. परदेशी मागणी एका फटक्यात तुटली. तेव्हा बाजारात येत होता तो खरिपाचा लाल कांदा, जो फार टिकत नाही. भाव पडला तरी विकावाच लागतो. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले, शुल्क 20 टक्के झाले, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही शून्यावर आले.

बंदी बरोबर होती का, हे अर्थशास्त्र सांगून टाकेल अशी अपेक्षा हा आणखी एक गैरसमज. शहरातल्या ग्राहकाचे किती वाचले, उत्पादकाचे किती बुडाले, हे आलेखावर दाखवता येते. त्यातले कुणाचे पारडे जड मानायचे, यावर मात्र नाशिक शहरात कॉलेजरोडवर राहणारी मुलगी आणि कांद्याच्या लासलगावहून बसने येणारा मुलगा यांच्यात वाद होतो, आणि शिक्षकांनी तो तासभर होऊ द्यावा.