वाचोपचार आणि हवेतून होणारा संसर्ग

‘साप’ या शब्दाचा उच्चार ‘ताप’ असा करणारे मूल वाचोपचारकासमोर बसते, तेव्हा त्याचा पहिला धडा डोळ्यांनी घ्यावयाचा असतो. जीभ कोठे टेकते, ओठ केव्हा मिटतात, हवा कोणत्या फटीतून निसटते, हे उपचारक स्वतःच्या मुखाने दाखवितो व मूल त्याचे अनुकरण करते. दोघांमधील अंतर हातभरच असते. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि हे हातभर अंतरच धोक्याचे ठरले.

याचे कारण बोलण्याच्या क्रियेतच आहे. बोलताना उच्छ्वासाबरोबर लाळेचे व श्लेष्म्याचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. आवाज जसजसा चढतो तसतशी या कणांची संख्या वाढते, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले. हळू बोलताना सेकंदास सुमारे १ कण, तर मोठ्याने बोलताना सुमारे ५० कण निघतात, असे त्यांच्या मापनात आढळले. पुढील वर्षी आबकारियान व स्टोन या शास्त्रज्ञांनी ओष्ठ्य वर्णांचे चित्रण केले. ‘प’ किंवा ‘ब’ उच्चारताना ओठ विलग होतात, त्यांच्यामधील लाळेचे धागे ताणले जाऊन तुटतात आणि त्यांचे तुषार होतात. वाचोपचारात तर याच वर्णांचा सराव पुनःपुन्हा करवून घ्यावा लागतो!

मोठे थेंब लवकर खाली पडतात. सूक्ष्म कण मात्र हवेत तरंगत राहतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. उपस्थित ६१ जणांपैकी ५३ जणांना रोगाची निश्चित वा संभाव्य बाधा झाली. त्यांपैकी दोघे दगावले. बंद जागा, दीर्घ वेळ आणि चढा आवाज यांचा संयोग किती घातक ठरतो, हे यावरून ध्यानात येते.

मुखपट्टीने हे कण बऱ्याच अंशी अडतात. परंतु तिच्यामुळे ओठ झाकले जातात आणि ‘स’, ‘श’ यांसारख्या वर्णांतील उच्च कंप्रतेचे ध्वनी मंदावतात. पारदर्शक मुखपट्टीतून ओठ दिसतात, पण प्लास्टिकमुळे ध्वनी अधिकच दबतो. चेहऱ्यापुढील नुसती पारदर्शक ढाल खालून व बाजूंनी उघडी असल्याने सूक्ष्म कणांना रोखू शकत नाही. जे संरक्षण द्यावे, तेच शिकविण्याच्या आड येते, असा हा पेच आहे.

तो सोडविण्याचा मार्ग हवेच्या अभ्यासातून सापडतो. संरक्षणाचा सारा भार मुखपट्टीवर न टाकता त्याचा काही भाग खोलीवर सोपवावा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ते शक्य नसेल तेथे हवा गाळणारे यंत्र वापरावे. खोलीतील हवा ताशी ६ वेळा बदलत असेल, तर तरंगते कण ९९ टक्क्यांनी कमी होण्यास सुमारे ४६ मिनिटे लागतात. ताशी १२ वेळा बदलत असेल, तर २३ मिनिटे पुरतात. एका मुलानंतर दुसऱ्यास केव्हा बोलवावे, हे या हिशेबाने ठरविता येते. तोंड उघडून दाखविण्याचा भाग थोडक्यात उरकावा, बसण्याचे अंतर वाढवावे, आवाज मध्यम ठेवावा व आरसा किंवा चित्रफीत यांचे साहाय्य घ्यावे. या उपायांपैकी एकही पूर्ण नाही. परंतु एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

पक्षाघातानंतर ज्यांना गिळता येत नाही, अशा रुग्णांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. गिळण्याची परीक्षा घेताना त्यांना ठसका लागतो, उपचारकाला मात्र अगदी जवळ राहावे लागते. येथे घट्ट बसणारी, सूक्ष्म कण गाळणारी मुखपट्टी आवश्यक होय.

कोविडची जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. तथापि क्षय, गोवर व इन्फ्लुएंझा हे रोगही हवेतूनच पसरतात. भाषा आत्मसात करण्याची बालपणीची वर्षे साथ ओसरेपर्यंत थांबत नाहीत. म्हणून उपचार बंद ठेवणे हा संरक्षणाचा मार्ग नव्हे. मुलाला उपचारकाचे ओठ दिसावेत, आणि त्या दोघांच्या श्वासाला वाहती हवा मिळावी, एवढी सोय खोलीत असली पाहिजे.