गेलेल्या माणसासाठी दार उघडं

मैत्रिणींनो, बचत गट असो की घरगुती उद्योग, चालवणाऱ्या प्रत्येकीवर हा दिवस कधी ना कधी येतोच. जिच्या हाताला चव, नेमकी तीच एका सकाळी येऊन म्हणते, ‘ताई, उद्यापासून मी येणार नाही.’

आमच्या गटात असंच झालं. गोडा मसाला भाजावा तर तिनेच! दिवाळीच्या तोंडावर ती बाहेर पडली आणि तिने स्वतःचा मसाला विकायला सुरुवात केली. झालं! ‘आपणच हिला उभं केलं आणि आपल्यावरच उलटली,’ असं ज्याच्या त्याच्या तोंडी. खोटं कशाला सांगू, मीही त्यात होते. तिच्याशी बोलणंच टाकलं.

त्याच दिवसांत भाच्याकडे ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन वादकाची गोष्ट ऐकली. तुम्ही म्हणाल, कुठे आमचा मसाला आणि कुठे तो अमेरिकेतला बाजा! पण ऐका तर खरं.

एलिंग्टन म्हणजे जॅझ संगीतातलं फार मोठं नाव. जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी जन्माला घातलेलं संगीत. आपल्याकडे बंदिश ठरलेली असते आणि गायक ती आपल्या मनाने फुलवतो, साधारण तसंच. १८९९ साली जन्मलेला एलिंग्टन पियानो वाजवायचा, नवनवीन रचना करायचा आणि पंधरा-सोळा माणसांचा वाद्यवृंद सांभाळायचा. तब्बल पन्नास वर्षं, अगदी १९७४ साली मृत्यू येईपर्यंत! सगळ्यांचे पगार, प्रवास, मुक्काम, रुसवेफुगवे, सगळं त्याच्याच डोक्यावर. तेही काळ्या माणसाला कित्येक हॉटेलांत खोली मिळत नव्हती अशा काळात. म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत दौरा असला की तो आगगाडीचे डबेच भाड्याने घ्यायचा. सगळ्यांचं झोपणं डब्यातच, म्हणजे कुणापुढे हात पसरायला नको.

त्याची खरी हुशारी मात्र वेगळीच होती. तो नुसता ‘ट्रम्पेट’साठी सूर लिहीत नसे, ते वाजवणाऱ्या माणसासाठी लिही. कुटी विल्यम्स नावाचा त्याचा एक ट्रम्पेटवादक होता. मोरी तुंबल्यावर वापरतात ना, तसला रबरी पंपाचा वाडगा वाद्याच्या तोंडावर धरून तो असे गुरगुरणारे सूर काढायचा, की जणू माणूसच बोलतोय. १९४० साली एलिंग्टनने खास त्याच्यासाठी एक रचना केली आणि नावही दिलं ‘कन्चर्टो फॉर कुटी’. आपल्या माणसाचं नावच मालावर छापल्यासारखं!

आणि त्याच वर्षी कुटी निघाला. बेनी गुडमन या दुसऱ्या बड्या वाद्यवृंदवाल्याने त्याला बोलावलं होतं. कुटी अकरा वर्षं एलिंग्टनकडे होता. त्याचं जाणं इतकं गाजलं, की त्यावर दुसऱ्या एका संगीतकाराने चक्क एक धून रचली!

मग एलिंग्टनने काय केलं? आकांडतांडव केलं नाही. कुटीनेच पुढे सांगितलं आहे, की गुडमनकडची बोलणी करायला एलिंग्टनने त्याला मदतच केली. त्याच्या जागी रे नान्स हा तरुण आला. त्याला ‘तू कुटीसारखंच वाजव’ असं म्हणून एलिंग्टनने बांधून ठेवलं नाही. नान्स ट्रम्पेट वाजवायचा, तसंच व्हायोलिनही वाजवायचा, गायचा, नाचायचा. एलिंग्टनने त्याचे हे सगळे गुण वापरले. १९४१ च्या फेब्रुवारीत ‘टेक द ए ट्रेन’ ही धून ध्वनिमुद्रित झाली. बिली स्ट्रेहॉर्न या सहकाऱ्याने रचलेली ही धून पुढे वाद्यवृंदाची ओळखच बनली. आणि तिच्यातला ट्रम्पेटचा गाजलेला तुकडा आहे या नव्या नान्सचा!

कुटीसाठी दार मात्र उघडंच राहिलं. १९६२ साली, बावीस वर्षांनी तो परत आला. जॉनी हॉजेस हा सॅक्सोफोनवादकही १९५१ साली स्वतःचा संच काढायला गेला आणि १९५५ साली परतला. पुढच्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात वाद्यवृंद असा रंगला, की उतरती कळा लागली असं लोक म्हणत होते तो एलिंग्टन पुन्हा देशभर गाजला.

हे सगळं परवडायचं कसं? मोठमोठे वाद्यवृंद खर्चापायी बंद पडत होते. एलिंग्टन आपल्या रचनांवर मिळणारं मानधन वाद्यवृंदातच घालायचा. नवी रचना सुचली की लगेच वाजवून बघायला आपली माणसं हाताशी हवीत, हा त्याचा हिशेब.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण मला खरी टोचली ती हीच. एलिंग्टनच्या कितीतरी रचनांचं बीज त्याच्या वादकांनी सहज वाजवलेल्या सुरांत असे. नाव मात्र बऱ्याचदा एलिंग्टनचं लागे, निदान वाटा तरी. वादक यावर कुरकुरत. हॉजेस तर म्हणे भर कार्यक्रमात एलिंग्टनकडे बघून नोटा मोजल्याची खूण करायचा!

हे ऐकलं आणि मी गटाची वही काढून बसले. निम्मी विक्री एकट्या गोड्या मसाल्याची होती. कृती तिची, चटका बसायचा तिच्या हाताला आणि वाटणी मात्र सगळ्यांना सारखी. पाकिटावर नाव गटाचं. ती का गेली, हे आम्ही तिला एकदा तरी विचारलं होतं का?

संक्रांतीला तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेले. दोन मिनिटं दोघीही अवघडलो, मग चहा झाला. ती परत आली नाही, येणारही नाही बहुतेक. पण आता मोठी ऑर्डर आली की मसाल्याचं काम आम्ही तिला देतो आणि तिच्याकडे चटण्यांची मागणी आली की ती आमच्याकडे पाठवते.

हो, चटण्या! तिच्यासारखा मसाला भाजणारी शोधणं आम्ही सोडून दिलं. गटात नव्याने आलेल्या सुनेला मसाला जमत नाही, पण जवसाची आणि कारळ्याची चटणी अशी करते की विचारू नका! पाकिटामागे तिला एक रुपया वेगळा मिळतो, ‘कृतीचा’ म्हणून. वहीत तसा रकानाच आखलाय.

तुमच्या वहीत आहे का हो असा रकाना? नसेल, तर आजच आखून टाका.