अलक निवडताना मी काय पाहते?

काल एका मैत्रिणीनं विचारलं, "माझी अलक संग्रहात का नाही घेतलीस गं?" तिला दिलेलं उत्तर इथेही लिहिते.

अलक म्हणजे अति लघुकथा. आमच्या संग्रहाची मर्यादा १०० शब्दांची.

लेखकाचं नाव झाकून मी प्रत्येक कथा दोनदा वाचते, मध्ये एक रात्र जाऊ देते. शेवटचा धक्का माहीत असूनही दुसऱ्या वाचनात काही उरलं, तर कथा पुढे जाते.

मग तीन प्रश्न:

१. कुणाच्या आयुष्यात काही बदललं का? नाहीतर तो नुसता सुविचार.

२. शेवटचं वाक्य काढलं तर? तात्पर्य गेलं की कथा अनेकदा उजळते.

३. शीर्षकच शेवट फोडतंय का?

न सांगताही किती सांगता येतं, ते पाहा: ग्वाटेमालाचे लेखक आउगुस्तो मोंतेर्रोसो यांची 'डायनासोर' (१९५९) ही कथा मूळ स्पॅनिशमध्ये फक्त ७ शब्दांची आहे. आधी काय घडलं, पुढे काय होणार, हे सगळं वाचकावर सोपवलेलं!

मैत्रिणीची कथा चांगलीच होती. पण वृद्धाश्रमावरच्या दोन कथा आधीच घेतल्या होत्या. एकाच विषयाच्या कथा शेजारीशेजारी आल्या, की सगळ्याच फिक्या पडतात. नकार म्हणजे कथा वाईट, असं नसतं.

तुम्हीही अलक लिहिता? काही अडलं तर नक्की विचारा.