अ‍ॅपडेटा एसएसडीवर नेताना

मंडळी, घरच्या सर्व्हरवर सिनेमा झटकन सुरू होतो, पण प्लेक्सची पोस्टरं मात्र रेंगाळत येतात. असं का? सिनेमा म्हणजे एक मोठी, सलग फाइल. अ‍ॅपडेटात असतो डेटाबेस आणि हजारो बारक्या फाइली. मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला सुमारे 8 मिलिसेकंद लागतात. दर फाइलीमागे वाट बघणं आलंच. शिवाय अनरेडमध्ये अ‍ॅरेवर काही लिहिलं की पॅरिटीही बदलावी लागते.

आता क्रम बघा. आधी बॅकअप. मग डॉकर आणि व्हीएम या दोन्ही सेवा बंद करा, कारण उघडी फाइल मूव्हर हलवत नाही. अ‍ॅपडेटा शेअरला प्रायमरी स्टोरेज कॅश, सेकंडरी अ‍ॅरे, आणि मूव्हरची दिशा अ‍ॅरेकडून कॅशकडे अशी ठेवा. मूव्हर चालवा. अ‍ॅरेवर काही उरलं नाही ना, हे पाहूनच सेवा परत सुरू करा.

एक लक्षात असू द्या: अ‍ॅरेच्या पॅरिटीचं कवच कॅशला नसतं. एकुलती एसएसडी गेली, तर अ‍ॅरेवरचे फोटो राहतील, पण नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस जाईल. म्हणून दोन एसएसडींची मिरर जोडी करा. आणि तरीही बॅकअप घेत राहा; चुकून पुसलेलं मिरर परत देत नाही.