विपत्तीच्या मुलखातील प्रसन्नता

अर्जुनी मोरगावच्या परिसरात दिवाळी येते ती धानकापणीचे वेध घेऊन. आणि ज्या मुलखाचे सारे वैभव कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर व त्यांतून बांध्यांत उतरणाऱ्या पाण्यावर उभे आहे, त्या मुलखाला ऐन भाद्रपदात पावसाने पाठ फिरवणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. 1896 साली नेमके हेच घडले. हा टापू तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि तो जिल्हा मध्यप्रांतात मोडत असे. ऑगस्ट सरता सरता पाऊस थांबला आणि मध्यप्रांताच्या धानपट्ट्यातील उभे पीक वाळून गेले. सरकारी दफ्तरांत या दुष्काळाचा हिशेब मदतकामांच्या व तहकूब साऱ्याच्या रकान्यांतून मांडला गेला; परंतु त्याचा आणखी एक हिशेब येथून शेकडो कोस दूर, पुणे जिल्ह्यातील केडगावी, मांडला गेला आणि ख्रिस्ती श्रद्धेत दुःखाचे स्थान कोणते हे मराठी माणसाला उमगावे, यासाठी तो पाहण्याजोगा आहे.

दुष्काळाची वार्ता ऐकून पंडिता रमाबाई मध्यप्रांतात आल्या आणि उपासमारीने गांजलेल्या, व त्या उपासमारीचा फायदा घेऊ पाहणाऱ्यांच्या तावडीत सापडण्याच्या भयात असलेल्या शेकडो विधवा व मुली यांना त्यांनी आपल्या आश्रयास नेले. ही करुणा ऐकीव नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थाटन करीत असता, 1874 च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात सर्वस्व गमावून बसले. घरात विद्या अपार होती, पण पोटासाठी अंगमेहनत करावी तर तिचा सरावही नव्हता आणि ती कमीपणाची नव्हे असे मानण्याचा संस्कारही नव्हता. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी भारतभर हिंडून 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचले; तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले खरे, पण 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही निवर्तले.

1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. परंतु धर्मांतराने मन एका दिवसात शांत झाले असे त्यांनी कधी म्हटले नाही. 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निर्व्याजपणे नमूद केले आहे की, ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी गवसला. आध्यात्मिक वाढीचा हा कालावधी बोलका आहे. कारागृहातून फिलिप्पैकरांना पत्र लिहिताना आनंदाचाच वारंवार उच्चार करणाऱ्या प्रेषित पौलाने रोमकरांस जो क्रम सांगितला, संकटातून धीर, धीरातून कसोटीस उतरलेले शील आणि शीलातून आशा, त्यातली कोणतीही पायरी ओलांडून जाता येत नाही.

त्या क्रमाची कसोटी रमाबाईंच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आली. 1893 मध्ये, तोवर पुण्यास हललेल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते या आक्षेपावरून पुण्यात वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूस झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. तो आक्षेप निव्वळ द्वेषाचा नव्हता. आश्रय आणि उपदेश एकाच हाताने दिले की घेणाऱ्याची मोकळीक कितपत उरते, हा प्रश्न आजही विचारण्यासारखाच आहे. पुढे पुण्यात प्लेग आला, माणसांच्या संख्येवर निर्बंध पडले, आणि दुष्काळातून आलेल्या मुलींना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. याच अडचणीतून ‘मुक्ती सदन’ आकारास आले. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे विहिरी खणल्या गेल्या, हातमाग व तेलाचा घाणा चालू लागला, मुली छापखान्यात खिळे जुळवू लागल्या आणि अंध स्त्रियाही वाचावयास व टोपल्या विणावयास शिकल्या. ज्या घरात हातांना काम येत नव्हते म्हणून चूल विझली, त्या घरच्या मुलीने आश्रयास आलेल्या प्रत्येक हातास काम शिकवावे, यापरते दुःखाचे सार्थक कोणते!

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळून गेलेले. 1893 साली नागपूरहून गोंदियामार्गे राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका रात्रीत मोडला. काही वर्षांचा वियोग, सोवळ्याओवळ्याशी झालेला अंतरीचा झगडा, मग 1900 मध्ये त्यांनी स्वेच्छेने घेतलेला बाप्तिस्मा. एवढे सोसूनही ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या या बाईच्या लेखणीत कडवटपणाचा मागमूस नाही, उलट स्वतःच्याच फजितीवर त्या मनसोक्त हसतात. टिळक 1919 मध्ये वारले तेव्हा आरंभीच्या थोड्या अध्यायांवर थांबलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य या फारशा न शिकलेल्या स्त्रीने पुढे नेले.

विपत्ती माणसास आपोआप थोर करते, हा समज घातक आहे. ती पुष्कळांना मोडते, आणि जे पोटभर जेवतात त्यांनी उपाशी माणसाला सहनशीलतेचा उपदेश करणे हे तर धर्माचे विडंबनच होय. रमाबाईंनी दुष्काळाची स्तुती केली नाही, त्याच्याशी झुंज घेतली. लक्ष्मीबाईंनी वियोगाला वर मानले नाही, त्यातून आपला निर्णय आपण घेण्याची धमक मिळविली. ख्रिस्ती परंपरेला अभिप्रेत असलेला आनंद सुखाच्या पावतीसारखा शेवटी हाती पडत नाही. आपल्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची दृष्टी दिली आणि त्या दृष्टीमागोमाग हातही पुढे झाले, की तो कामातच गवसतो. धर्म कोणताही असो, श्रद्धेची खरी तपासणी याच ठिकाणी व्हावी.