वाई

वाई हे महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील कृष्णा नदीकाठचे एक लहान शहर व तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा सपाटीवर आल्यानंतर तिच्या काठी वसलेले हे पहिले मोठे गाव होय. नदीकाठचे घाट, मंदिरे व विद्येची परंपरा यांमुळे त्यास ‘दक्षिण काशी’ असे म्हणतात. महाभारतातील विराटनगरी ती हीच, अशी लोकसमजूत आहे.

इतिहास

आदिलशाहीत वाई हे परगण्याचे ठाणे होते. अफझलखान काही काळ येथील सुभेदार होता. 1659 मध्ये शिवाजी महाराजांवरील स्वारीत त्याने येथेच तळ दिला आणि येथून तो प्रतापगडाकडे निघाला. हे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, असे परंपरेने मानले जाते. शहरातील सात आळ्या आपापल्या घाटांवर हा उत्सव पाळीपाळीने साजरा करतात.

पेशवेकाळात वाईला आजचे रूप आले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यातील होत. या घराण्याने येथे घाट, वाडे व मंदिरे बांधली. जवळच्या मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा व घाट आहे.

घाट व स्थापत्य

गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर सर्वांत प्रसिद्ध आहे. मंदिर ऐन पात्रालगत असल्याने त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटून दुभंगते व दोन्ही बाजूंनी निघून जाते, त्यामुळे मंदिरावरील दाब कमी होतो. जवळच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे.

विद्यापरंपरा

विसाव्या शतकात नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच स्वामी केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेमुळे वाई संस्कृत अध्ययनाचे केंद्र बनली. ‘मीमांसाकोश’ व ‘धर्मकोश’ हे ग्रंथप्रकल्प याच परंपरेतील होत. या पाठशाळेचे विद्यार्थी लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी शास्त्राच्या आधारेच अस्पृश्यतेचे खंडन केले. 1933 मध्ये महात्मा गांधींचे पुत्र देवदास यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचे पौरोहित्यही त्यांनीच केले.

1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे लक्ष्मणशास्त्री पहिले अध्यक्ष होते. मराठी विश्वकोशाचे काम त्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईत सुरू झाले व पहिला खंड 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी संस्कृत जाणणाऱ्या मोजक्या वर्गापुरती असलेली येथील विद्या अशा रीतीने सर्व मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. धर्मशास्त्राबरोबर विज्ञान, कला, इतिहास व तंत्रविद्या यांवरील नोंदीही या गावात संपादित झाल्या.

आजचे स्वरूप

वाईच्या वरच्या बाजूस कृष्णेवर धोम धरण आहे. त्यामुळे शेतीस पाणी मिळाले, मात्र शहराजवळील नदीचा प्रवाह बऱ्याच अंशी धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहिला. प्रवाह मंदावला की घाटांपाशी पाणी साचते आणि सांडपाण्याचा प्रश्न अधिक जाणवतो. येथील घाट ही केवळ जुनी वास्तू नाही. स्नान, उत्सव व दैनंदिन व्यवहार त्यांच्याशी जोडलेले आहेत. म्हणून वाईचा वारसा जपण्याच्या प्रश्नात दगडी बांधकामाइतकेच नदीच्या वाहत्या, स्वच्छ पाण्याला महत्त्व आहे.