रिळावर नवा तंगूस भरताना पीळ का पडतो?



सुट्टी लागली की भिगवण, पळसदेव, कुंभारगावकडची मुलं वडिलांच्या नाहीतर काकांच्या मागे लागून उजनीच्या पाण्यावर गळ टाकायला जातात. बांबूची काठी आणि वावभर तंगूस, एवढ्यावर चिलापी मिळते. पण हातात स्पिनिंग रीळ आलं की प्रश्न सुरू होतो. नवा दोरा आणला, घरी गुंडाळला आणि पहिल्याच फेकीला सगळा गुंता! बोलणी खातो दुकानदार. खरं कारण बहुतेक वेळा दोरा भरताना पडलेल्या पिळात असतं आणि ते वर्गात दहा मिनिटांत दाखवता येतं.

गिफ्टला बांधतात त्या रिबिनीचं बंडल घ्या. त्यात पेन्सिल घालून बंडल फिरू द्या आणि रिबीन ओढा. ती सपाट येते. आता बंडल टेबलावर आडवं ठेवा, फिरू देऊ नका आणि रिबीन वरच्या बाजूने काढा. प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ दिसेल. बंडल उलटं करून पुन्हा ओढा, पीळ विरुद्ध दिशेने पडेल. मुलांना स्वतः मोजू द्या, सांगू नका.

आता रिळाकडे या. पतंगाची फिरकी स्वतः फिरते, म्हणून मांज्याला पीळ पडत नाही. स्पिनिंग रिळात मात्र दोरा साठवणारा भाग, म्हणजे स्पूल, हँडल मारताना गोल फिरत नाही, फक्त पुढे-मागे होतो. त्याच्याभोवती तारेची कमान फिरते आणि वेढे घालते. कमानीच्या प्रत्येक फेरीला येणाऱ्या दोऱ्यात एक पीळ भरतो. म्हणून दुकानातलं बंडल पेन्सिलीवर फिरतं ठेवलं तरी इथे सुटका नाही.

किती पीळ? हे गणित आठवीच्या मुलांना जमतं. स्पूलचा व्यास सरासरी ४.५ सेंमी धरला तर एका वेढ्याला सुमारे १४ सेंमी दोरा लागतो. १०० मीटरला साधारण ७०० वेढे, म्हणजे ७०० पीळ. दुकानातलं बंडल ९ सेंमी व्यासाचं असेल तर त्यावर सुमारे ३५० वेढे असतात. बंडल जमिनीवर आडवं ठेवून वरून दोरा काढला आणि बाजू बरोबर असेल तर हे ३५० पीळ उलटे पडतात, उरतात ३५०. बाजू चुकली तर होतात १०५०! फरक तिप्पट आहे, आणि करायचं काय तर बंडल फक्त उलटं ठेवायचं.

प्रत्यक्षात असं करा. दोरा आधी काठीच्या कड्यांतून टोकाकडून रिळाकडे ओवा. मग कमान उघडा आणि त्यानंतरच स्पूलला गाठ मारा. कमान बंद ठेवून गाठ मारली तर हँडल फिरतं, दोरा काही गुंडाळला जात नाही. नवशिक्यांचं इथेच हमखास अडतं. गाठ सोपी आहे: स्पूलभोवती दोरा फिरवून मोकळ्या टोकाने मुख्य दोऱ्यावर साधी गाठ मारायची, टोकाला आणखी एक गाठ मारायची, ओली करून ओढायची. कोरडा नायलॉन ओढताना घासून तापतो आणि कमजोर होतो. विणलेला गुळगुळीत दोरा असेल तर तो स्पूलवर घसरतो, म्हणून आधी थोडा साधा तंगूस भरा.

कमान बंद करून, ओल्या फडक्यात दोरा चिमटीत धरून हँडल मारा. उघड्या बोटांनी धरू नका, कापतं. सैल भरलेला दोरा पुढे खालच्या वेढ्यांत रुततो. दहा-पंधरा वेळा हँडल मारलं की थांबा आणि दोरा ढिला सोडा. तो सुंभासारखा स्वतःभोवती वळू लागला तर बंडल उलटं करा. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, नायलॉनही त्यातलाच.) राहिलेला पीळ काढायला शेंड्याला गळ, शिसं काहीही न बांधता दोरा वाहत्या पाण्यात सोडून पाच मिनिटं तसाच ठेवायचा. बारामती-इंदापूरकरांना नीरा डावा कालवा जवळ आहे, पण कालव्यावर हे काम मोठ्यांनीच करावं. काठ निसरडा आणि पाण्याला ओढ असते.

स्पूलच्या कडेपासून २-३ मिमी जागा सोडून थांबा. जास्त भरला तर वेढे एकदम सुटतात, कमी भरला तर दोरा कडेला घासतो आणि फेक आखूड पडते. रिळावर ०.२५/२०० असं लिहिलेलं असतं: ०.२५ मिमी जाडीचा दोरा २०० मीटर मावतो. मग ०.३५ मिमीचा किती? मुलं पटकन १४० म्हणतात. जागा जाडीच्या वर्गाप्रमाणे लागते, त्यामुळे उत्तर जेमतेम १०० मीटर येतं.

गुंता झाला की लोक दोरा तोडून काठावरच टाकतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. नायलॉन कुजत नाही. भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी, बगळे, करकोचे चालत फिरतात. त्यांच्या पायात असा दोरा अडकला की त्यांना तो सोडवता येत नाही. काढलेला जुना तंगूस बोटभर तुकडे करून बाटलीत भरून घरी आणा. आणि दोरा फक्त पुढच्या वीस-पंचवीस मीटरमध्येच झिजला असेल तर फेकायची गरजच नाही. तो दुसऱ्या बंडलावर काढून घ्या, उलट टोकाने पुन्हा भरा. आतला न वापरलेला भाग पुढे येतो आणि एक हंगाम आणखी चालतो.